कंठलंगोट कोणाच्या कापडाचा?

जून उजाडला की गगनबावड्याचा घाटमाथा ढगांत बुडतो. वर्षाला ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस अंगावर घेणारा हा कोल्हापूर जिल्ह्यातील सर्वांत छोटा तालुका. २०११ च्या जनगणनेनुसार इथली लोकसंख्या अवघी ३५ हजारांच्या घरात. पुढे करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट कोकणात उतरतात, मागे कोल्हापूर शहर ५५ किलोमीटरवर राहते. अशा धुवाधार पावसात साळवण, असळज, तिसंगी या गावांच्या रस्त्यांवरून शाळेला निघालेली मुले कधी पाहावीत. पायात प्लॅस्टिकचे बूट, डोक्यावर रेनकोटची टोपी, पाठीवर दप्तर आणि त्या सगळ्या सरंजामाच्या आत, गळ्याशी, इलॅस्टिकने अडकवलेला टाय! गाठ कारखान्यातच मारलेली, कापड चकचकीत पॉलिएस्टरचे. भिजला तरी लवकर वाळतो, हा त्याचा एकमेव गुण.

पूर्वी हा टाय शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांपुरता होता. पुढे पट टिकवण्याच्या चिंतेने जिल्हा परिषदेच्या शाळाही या वाटेला लागल्या. लोकवर्गणी जमते, एखादा दाता पुढे येतो, छोटेखानी समारंभ होतो आणि मुलांना टाय, बेल्ट व ओळखपत्र यांचे वाटप होते. वर्तमानपत्रात छायाचित्र छापून येते. ज्या शेतकरी बापाने आयुष्यात कधी टाय बांधला नाही, त्याला आपल्या मुलाच्या गळ्यात तो पाहून धन्य वाटते. त्या धन्यतेची थट्टा करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

तरीही टायचा विषय निघाला की आपल्याकडे दोन ठरावीक मते ऐकू येतात. एक म्हणते, हे इंग्रजांनी मागे ठेवलेले गुलामीचे जोखड आहे. या उष्ण आणि दमट देशात त्याचे प्रयोजनच काय? दुसरे म्हणते, जगाबरोबर चालायचे तर जगाचा वेश हवा. वर्षानुवर्षे हा वाद चालू आहे. वादी-प्रतिवादी दोघेही टायच्या आकाराविषयी बोलतात. तो कोणत्या कापडाचा आहे, ते कापड कोणी विणले, तो कोणी शिवला आणि त्याचा पैसा कोणाच्या घरी गेला, हे मात्र कोणी विचारत नाही.

पहिल्या मताच्या मंडळींना इतिहासाची आठवण करून दिली पाहिजे. ७ ऑक्टोबर १९०५ रोजी पुण्यात सावरकरांच्या पुढाकाराने विदेशी कापडाची होळी झाली. लोकमान्य टिळक तेथे उपस्थित होते. या अपराधाबद्दल सावरकरांना १० रुपये दंड झाला आणि फर्ग्युसन महाविद्यालयाच्या वसतिगृहातून बाहेर पडावे लागले. त्या होळीत जे जळले ते कापड होते. विदेशी तऱ्हेचे कपडे घालणाऱ्यांविरुद्ध ती मोहीम नव्हती. मँचेस्टरच्या गिरणीत विणलेले धोतर त्या होळीत टाकण्याजोगे होते आणि देशी मागावर विणलेल्या कापडाचा कोट खुशाल अंगावर राहू शकत होता. स्वदेशीच्या त्या पिढीला शिवण आणि विणकाम यांतला फरक नीट कळत होता. आपल्या पिढीने तो विसरून वेशभूषेच्या वादातच धन्यता मानली.

दुसरी आठवण याच कोल्हापूर संस्थानातील आहे. मार्च १९२० मध्ये माणगाव येथे परिषद भरली. राजर्षी शाहू महाराजांनी तेथे तरुण भीमराव आंबेडकरांना अस्पृश्य समाजाचा नेता म्हणून गौरविले. पुढे बाबासाहेबांची जी प्रतिमा गावोगावी उभी राहिली ती कोट आणि टाय घातलेली आहे. ज्या समाजाला शतकानुशतके चांगले कापड अंगावर घालण्याचीही मुभा नव्हती, त्याच्या दृष्टीने त्या टायचा अर्थ गुलामी असा होत नाही; नेमका उलट होतो. याच्या शेजारी गांधीजींचे उदाहरण ठेवावे. १८८८ साली लंडनला गेल्यावर आरशापुढे उभे राहून टाय व भांग नीट करण्यात आपण रोज दहा मिनिटे घालवत असू, असे त्यांनी आत्मकथेत प्रांजळपणे लिहिले आहे. पुढे त्यांनी टाय सोडला. एकाने तो सोडला, एकाने तो मानाने धारण केला आणि दोघांचीही कारणे खरी होती. तेव्हा टाय घालावा की घालू नये, हा निर्णय ज्याचा त्याने करावा. मला मांडायचे आहे ते त्याच्या कापडाविषयी आणि शिलाईविषयी.

युरोपच्या गळ्यातील कापडाची कथा सांगताना सतराव्या शतकातील फ्रान्सच्या सैन्यात असलेल्या क्रोएशियन शिपायांच्या गळपट्ट्यापासून सुरुवात करण्याची प्रथा आहे. ती कथा खरी आहे, पण अपुरी आहे. त्या गळ्यांना पुढे जे रेशीम गुंडाळले गेले त्यातील बरेचसे आपल्याकडून गेले होते. बंगालचे ठिपक्यांचे रेशमी रुमाल ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे गठ्ठ्यांनी वाहून नेत. ‘बांधणे’ या आपल्याच धातूपासून ‘बंदाना’ हा शब्द इंग्रजीत रुळला. हे रुमाल तिकडे इतके लोकप्रिय झाले की इंग्लंडमधील रेशीम विणकर हवालदिल झाले. १७०० साली इंग्लंडच्या संसदेने कायदा करून भारत, इराण व चीनमधील रेशमी आणि छापील कापड देशात वापरण्यास बंदी घातली. १७२१ मध्ये सुती छापील कापडावरील बंदी आणखी कडक केली. रेशमावरील बंदी उठायला १८२६ साल उजाडले. तोवर चोरट्या मार्गाने आमचे रुमाल जातच होते. आजही जगभरच्या टायवर दिसणारी ती वळणदार कोयरी काश्मिरी शालींवरची. स्कॉटलंडमधील पेस्ली या गावच्या विणकरांनी तिची नक्कल केली आणि जगाने त्या गावाचे नाव आमच्या कोयरीला चिकटवले. खुल्या व्यापाराची प्रवचने ऐकताना हा सव्वाशे वर्षांचा बंदीकाळ लक्षात ठेवलेला बरा.

या काळाचा गगनबावड्याशी एक विलक्षण संबंध आहे. बावड्याची जहागीर ज्या घराण्याकडे होती, त्या पंत अमात्य बावडेकर घराण्याचे मूळ पुरुष रामचंद्रपंत अमात्य. १७१५ च्या सुमारास त्यांनी ‘आज्ञापत्र’ लिहिले. इंग्लंडच्या पहिल्या कापडबंदीनंतर पंधरा वर्षांनी आणि दुसऱ्या बंदीच्या सहा वर्षे आधी! त्यात व्यापाऱ्यांविषयी स्वतंत्र प्रकरण आहे. व्यापाराने राज्य संपन्न होते, म्हणून व्यापाऱ्यांना राज्यात आणून वसवावे असे पंत आवर्जून सांगतात. पण टोपीकरांची गोष्ट वेगळी, असेही बजावतात. हे नुसते व्यापारी नव्हेत, यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत, यांना समुद्रकाठी जागा देऊ नये, हा त्या इशाऱ्याचा आशय. अमात्यांनी परदेशी व्यापाराला सरसकट विरोध केला नाही. व्यापाराच्या मागे कोण उभे आहे ते पाहा, एवढेच सांगितले. लंडनच्या संसदेत काय चालले होते ते त्यांना कळले असेल-नसेल. माणसे मात्र त्यांनी बरोबर ओळखली होती.

आज या वस्तूच्या व्यापारामागे कोण उभे आहे? चीनच्या झेजियांग प्रांतातील शेंगझोऊ या शहराची ओळखच मुळी जगाचे टायनगर अशी आहे. यंत्रमागावर विणलेले पॉलिएस्टर, यंत्रावर शिवलेला टाय, प्रचंड संख्या आणि अत्यल्प दर. आपल्याकडील शालेय टायही त्याच मुशीतला. कृत्रिम धागा आणि शिलाईचे यंत्र. त्याच्या किमतीतला एक रुपयाही ज्या तालुक्यात तो वापरला जातो तिथे राहत नाही. दरात या मालाशी स्पर्धा करू पाहणे व्यर्थ आहे. स्पर्धा करायचीच तर जिथे यंत्र कमी पडते तिथे करावी लागेल.

आणि टाय हा असा एक जिन्नस आहे, जिथे यंत्र अजूनही कमी पडते. वरकरणी तो कापडाची लांबट पट्टी दिसतो. प्रत्यक्षात त्याची रचना मोठी खुबीची आहे. कापड सरळ धाग्यात कापले तर गाठ मारल्यावर टाय पिळतो आणि एका बाजूला वळतो. म्हणून शिंपी ज्याला उरेब म्हणतात तसा, उभ्या-आडव्या धाग्यांशी ४५ अंशांचा तिरपा काप द्यावा लागतो. तिरप्या कापडाला अंगचाच ताण असतो, त्यामुळे गाठ सोडल्यावर टाय पुन्हा सरळ होतो. न्यू यॉर्कच्या जेसी लँग्जडॉर्फ नावाच्या शिंप्याने १९२० च्या दशकात ही पद्धत बसवली. पुढचे पान, मानेचा भाग आणि मागची शेपटी असे तीन तुकडे जोडून टाय करण्याची रीतही त्याचीच. तीच आजतागायत चालू आहे. एकच टाय कापायचा तर कापड फार वाया जाते. कापडाच्या घडीवर चार-सहा टाय एकमेकांच्या कुशीत बसवले तर नुकसान आवरते. कापणाऱ्याचे कसब तिथे लागते.

पोटात लोकरीचे किंवा सुताचे अस्तर जाते. मग दोन्ही कडा मागे दुमडून मधोमध एकाच लांब धाग्याने वरपासून खालपर्यंत टाका घातला जातो. हा टाका सैल हवा. त्याच्या टोकाला दोऱ्याचा एक छोटा फास मुद्दाम मोकळा सोडतात, म्हणजे टाय ओढला गेला की धागा आत सरकतो, तुटत नाही. दोन्ही टोकांना आडवा घट्ट टाका घालून तोंड बंद करतात. यंत्राने घातलेला टाका बहुधा घट्ट बसतो आणि टाय काही दिवसांत आखडतो. हाताच्या टाक्याला ताण किती ठेवायचा हे बोटांना कळते. म्हणूनच जगातील सर्वांत महाग टाय आजही हाताने शिवले जातात.

आता हे काम आणि गगनबावड्यासारखा तालुका यांचा मेळ पाहावा. चार महिने पाऊस घराबाहेर पडू देत नाही. भात आणि ऊस सोडला तर शेतीला फार वाव नाही. वाऱ्यापावसात वीज जाते ती लवकर येत नाही. कर्ती माणसे कोल्हापूर-मुंबईची वाट धरतात आणि घरी बायका व वृद्ध राहतात. हातशिलाईच्या टायला वीज लागत नाही, शेड लागत नाही. माप घ्यावे लागत नाही, कारण सर्व गळ्यांना एकच लांबी चालते. तयार माल इतका हलका की शंभर टाय एका पिशवीत बसतात. आणि हात तर तयार आहेतच. या भागातील आज्या-मावश्या जुन्या लुगड्यांची वाकळ शिवतात, तिच्यातला तो एकसारखा धावता टाका एकदा निरखून पाहावा. एवढा समान ताण ज्या हातांना साधतो त्यांना टायचा सैल टाका शिकायला फार दिवस लागणार नाहीत. अवघड आहे ती कापणी. ते शिक्षण मात्र रीतसर द्यावे लागेल.

कापडाचे म्हणाल, तर आपल्या राज्याला त्याची ददात नाही. महाराष्ट्राच्या २०२३-२८ च्या वस्त्रोद्योग धोरणात पैठणी, हिमरू, करवत काटी, खण आणि घोंगडी या पाच पारंपरिक वस्त्रांचा खास उल्लेख आहे. त्यांतील तीन तर टायसाठीच जन्मली असावीत. विदर्भातील ऐन-अर्जुनाच्या झाडांवर पोसलेल्या कोशांचे टसर, ज्याची करवत काटी होते, ते रंगवले नाही तरी मधासारखे दिसते आणि गाठीला उत्तम धरते. छत्रपती संभाजीनगरचे हिमरू, सुताच्या उभ्या धाग्यांवर रेशमाची नक्षी, अंगाने भरदार असते. बारीक नक्षीचा खण चोळीसाठी विणला गेला असला तरी टायच्या रुंदीला ती नक्षी नेमकी शोभते. खणाचे मुख्य माग सीमेपलीकडे बागलकोट जिल्ह्यातील गुळेदगुड्डला आहेत, पण त्यांचे गिऱ्हाईक पिढ्यान्‌पिढ्या मराठीच आहे. घोंगडीची लोकर अस्तराला वापरता आली तर पट्टणकोडोलीच्या धनगर विणकरांनाही वाटा मिळेल, असा मोह होतो. परंतु दख्खनी मेंढीची लोकर राठ असते आणि रेशमाच्या पोटात ती बोचेल. तिथे भावनेला मुरड घालून चांगले सुती अस्तर घ्यावे, हेच शहाणपणाचे.

शालेय टायसाठी रेशमाची गरजच नाही. गगनबावड्यापासून शंभर किलोमीटरच्या आत इचलकरंजी आहे. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी तेथे पहिला यंत्रमाग बसवला. नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्यासारख्या जहागीरदाराने उद्योगाला पाठबळ दिले. दोनच वर्षांनी, १९०६ मध्ये, शाहू महाराजांनी कोल्हापुरात कापड गिरणी सुरू केली. गिरणी आज बंद आहे, पण इचलकरंजीत लाखाहून अधिक माग आहेत. तेथले जाड सुती कापड शाळेच्या रंगात रंगवून घेतले की मुलांच्या गळ्याला टोचणारे पॉलिएस्टर दूर होईल. हे हातमागाचे कापड नव्हे, अशी तक्रार शुद्धतावादी करतील. करू देत. शिलाई तालुक्यात आणि कापड जिल्ह्यात, एवढे जमले तरी आरंभाला पुष्कळ झाले.

विक्रीचा प्रश्न याहून कठीण आहे आणि आपले बहुतेक ग्रामोद्योग तिथेच अडखळतात. वस्तू उत्तम असते, पण ती सरकारी प्रदर्शनाच्या टेबलावर धूळ खात पडते. इटलीतील नेपल्स शहरात मारिनेल्ला नावाचे टायचे दुकान आहे. १९१४ साली उघडले तेव्हा जागा जेमतेम २० चौरस मीटर. रेशीम इंग्लंडमध्ये छापून घ्यायचे आणि शिवायचे नेपल्सला, अशी त्यांची रीत. देशोदेशीचे राष्ट्रप्रमुख तेथील टाय बांधतात. त्या दुकानाने कापड दुरून आणले तरी नाव, शिवण आणि गिऱ्हाइकाशी बोलणे स्वत:कडे ठेवले. आपण नेमके याच्या उलट करतो. वस्तू आपली असते आणि नाव दुसऱ्याचे.

कोल्हापूरला हे वेगळे सांगायला नको. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही जून २०२५ मध्ये मिलान येथील प्रदर्शनात प्राडा या कंपनीने तशीच चप्पल आणली, तीही कोल्हापूरचे नाव न घेता. इकडे गदारोळ झाला, कंपनीने मूळ मान्य केले आणि डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार करून २००० जोड्या आपल्या नावाने, सुमारे ८०० युरोंना विकण्याचे जाहीर केले. करार झाला हे चांगलेच झाले. पण ८०० युरोंची ती किंमत चामड्याला आली, शिलाईला आली, की शिक्क्याला, याचा हिशेब प्रत्येक कारागिराने मांडून पाहावा.

आणखी एक ताजा धडा डोळ्यांपुढे आहे. शासनाने ‘एक राज्य, एक गणवेश’ योजना आणली आणि २०२४-२५ मध्ये गणवेशाची शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडे दिली. विचार स्वागतार्ह होता. परंतु कापड मध्यवर्ती ठेक्यातून कापून यायचे, ते वेळेवर येईना. मापे जुळेनात. शिलाईचा दर परवडत नाही अशी महिलांची तक्रार राहिली. मुले कित्येक महिने गणवेशाविना राहिली आणि डिसेंबर २०२४ मध्ये निर्णय फिरवून गणवेशाचे अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्यात आले. यात दोष बायकांच्या सुईचा नव्हता. एक ठेकेदार, एक कापड, एक दर, असा राज्यभराचा आटापिटा केला की जे व्हायचे ते झाले. टायच्या बाबतीत हीच चूक करून ‘टाय महामंडळ’ काढण्याची कल्पना कोणाच्या डोक्यात आली तर तिला तिथेच मूठमाती द्यावी!

काही जण म्हणतील, टायचे दिवसच संपत आले आहेत. २०२० च्या महासाथीनंतर तर कार्यालयांतूनही तो हद्दपार झाला. हे बऱ्याच अंशी खरे आहे. रोजच्या वापराचा टाय घटतो आहे. पण लग्न, पदवीदान, हॉटेले, विमान कंपन्या, परदेशी पाहुण्यांना द्यायच्या भेटी, ही मागणी उरली आहे. वकिलांचे पाहा. बार कौन्सिलच्या नियमांनुसार जिल्हा न्यायालयांच्या खालच्या न्यायालयांत पांढऱ्या बँडऐवजी काळा टाय चालतो. कोल्हापूर जिल्ह्यातीलच किती काळे कोट असतील ते मोजावे. रोजच्यासाठी स्वस्त आणि प्रसंगी उत्तम, अशा दुभंगलेल्या बाजारात उत्तमाची बाजू हातशिलाईची आहे. तिथे गिऱ्हाईक थोडे असले तरी पैसा बरा असतो. शेकडो घरांचे पोट यावर चालेल असे स्वप्न कोणी दाखवू नये. तालुक्यातील वीस-पंचवीस बायकांना पावसाळ्यातले हक्काचे काम मिळाले तरी अशा डोंगरी भागात ती लहान गोष्ट नाही. २०१९-२० च्या हातमाग गणनेप्रमाणे देशात ३५ लाखांहून अधिक माणसे या व्यवसायात आहेत आणि त्यांत सुमारे ७२ टक्के स्त्रिया आहेत. महाराष्ट्राचा त्यातला वाटा काही हजारांचाच उरला आहे. नवी मागणी निर्माण झाली नाही तर तोही उरणार नाही.

म्हणून सूचना साधी आहे. शाळा व्यवस्थापन समित्यांनी मे महिन्याच्या बैठकीत प्रथम टाय हवा की नको, हे पालकांना स्पष्ट विचारावे. नको असेल तर विषय संपला, मुले मोकळा श्वास घेतील. हवा असेल, तर दात्याने दिलेला इलॅस्टिकचा गठ्ठा परत करून त्याच दात्याकडून कापडाची रक्कम मागावी. इचलकरंजीहून सुती कापड आणावे. कोल्हापुरातील एखाद्या जुन्या जाणत्या शिंप्याला आठ दिवस तालुक्यात बोलावून कापणी शिकवून घ्यावी आणि शिलाईचा दर बचत गटातील बायकांनीच ठरवावा. गाठ मुलांनी स्वत: मारायला शिकावी. पहिल्या वर्षी एका केंद्रातील शाळांपुरते हे करून पाहावे. सुती टाय पावसात लवकर वाळणार नाही, अशी शंका निघेल. त्यावर पावसाळ्याच्या चार महिन्यांत टायची सक्ती करूच नये आणि तो १५ ऑगस्टला व नंतर दिवाळीपासून घालावा, इतका व्यवहार आपल्या शिक्षकांना सहज सुचेल.